ठोका कुठं पडतो

जव्हारच्या इंग्रजी शाळेत गणित शिकवायला मी गेलो तेव्हा मला तेविसावं लागलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी शाळेचा चढ चढत असताना माझ्या पुढं पन्नाशीचे एक गृहस्थ चालले होते. अंगात लांब कोट, डोक्याला पागोटं, हातात बांबूची काठी. चालण्याची तऱ्हा मात्र काही वेगळीच होती. तीन पावलं हलकी, चौथ्या पावलाला काठीचा मोठा दणका, मग एक पाऊल आणि थांबणं. पुन्हा तीन हलकी, चौथ्याला दणका. एक पाय अधू असावा असं समजून मी जवळ गेलो आणि विचारलं, "हात देऊ का?"

त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, "मी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये आहे. आत्ता बोलू नका."

संस्थानच्या कारभारातले कुणी बडे अधिकारी असावेत, म्हणून मी दोन पावलं मागं सरून नमस्कार केला आणि मागूनच चालत राहिलो. शाळेत पोचल्यावर हेडमास्तरांनी ओळख करून दिली तेव्हा कळलं, की हे आमचे इंग्रजीचे मास्तर. ॲडमिनिस्ट्रेशन हा त्या सकाळी त्यांनी चालायला घेतलेला शब्द होता. ॲड्, मिन्, इस्, मग ट्रे वर काठी, मग शन्.

इंग्रजी शब्दाचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडायचे आणि त्यातल्या कोणत्या तुकड्यावर जोर येतो ते शोधायचं, हा त्यांचा ध्यास होता. जोराला ते 'ठोका' म्हणत. गावात त्यांना ठोकेमास्तर म्हणत ते यावरून. नवीन माणसाला वाटे, पोरांना बडवत असतील. पण तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही पोराला हात लावलेला नव्हता. "ठोका शब्दाला द्यायचा," ते सांगत, "पोराला दिला तर तो शब्द विसरतो आणि ठोकाच लक्षात ठेवतो."

त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात उडीद असत आणि उजव्या खिशात वाल. फळ्यावर लांबलचक शब्द लिहायचा, मग पोरांनी आपापल्या पाटीवर दाणे मांडायचे. हलक्या तुकड्याला उडीद, ठोक्याच्या तुकड्याला वाल. इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी हा त्यांचा लाडका शब्द. आठ दाण्यांची रांग, त्यात सहावा वाल. रांग बरोबर मांडणाऱ्याला तो वाल घरी न्यायची परवानगी असे. माझ्या आठवणीत मास्तरीणबाईंची एकच तक्रार होती, की आमटीसाठी निवडून ठेवलेले वाल शाळेत जातात आणि शाळेतून परत येतात ते निम्मेच, तेही शाई लागलेले.

मी त्यांच्याच शेजारच्या खोलीत राहायला आलो होतो. संध्याकाळी ओसरीवर बसून ते मला समजावत. "आपल्या भाषेत सगळी अक्षरं एका पंगतीला बसतात. इंग्रजीत तसं नाही. एकाला पाट, बाकीच्यांनी जमिनीवर. आणि तो पाटही कायमचा नव्हे. हार्मनी म्हणा, पाट पहिल्याला. त्याचं हार्मोनियस करा, पाट लगेच दुसऱ्याकडं सरकला. का सरकला? मागं नवीन पाहुणा आला म्हणून."

मी म्हणायचो, "मास्तर, मला त्रैराशिक शिकवायचंय."

"त्रैराशिकातसुद्धा एक आकडा पाटावर असतो," ते म्हणत, आणि मला ते खरंच वाटू लागे.

बाजाराच्या दिवशी बाहेरगावची माणसं त्यांना लंगडंच समजत, त्यामुळं त्यांची फार पंचाईत व्हायची. गावात नव्यानं आलेल्या एका वैद्यानं त्यांची चाल पाहिली आणि कंबरेला लावायचं तेल घरी पाठवून दिलं. मास्तरांनी ते परत केलं नाही. वैद्याला वाईट वाटेल म्हणून महिनाभर ते कंबरेला चोळत राहिले आणि रस्त्यात वैद्य दिसला की त्याच्या समाधानासाठी एक-एक तुकड्याचे सोपे शब्द घेऊन सरळ चालत.

हे सगळं ज्ञान त्यांनी एकाच पुस्तकातून मिळवलेलं होतं. त्यांच्या गुरूंनी त्यांना दिलेली एक जाडजूड डिक्शनरी होती. पुठ्ठा गेलेला, पुढची काही पानं गेलेली, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. तिच्यात प्रत्येक शब्दाचे तुकडे पाडून ठोक्याच्या जागी तिरकी रेघ मारलेली होती. मास्तरांनी गोऱ्या माणसाच्या तोंडून इंग्रजी जवळजवळ ऐकलेलंच नव्हतं. कुणी साहेब संस्थानात आला तरी ते पुढं जात नसत. पुस्तक जवळ असताना माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं त्यांचं मत. 'फोटोग्राफ' हा शब्द त्यांच्या डिक्शनरीत नव्हता, म्हणून तो बाजारी शब्द आहे असं ते वर्गात सांगत. आम्हाला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी ब्रिटिश मुलखातून एक इन्स्पेक्टर शाळा तपासायला आले. वयस्क, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे साहेब. राजेसाहेबांकडून शाळेला नवीन दोन खोल्या मिळायच्या होत्या आणि त्या या तपासणीच्या शेऱ्यावर अवलंबून होत्या, त्यामुळं हेडमास्तर सकाळपासून घामाघूम होते. वरच्या वर्गात साहेबांनी एका मुलाला वाचायला सांगितलं. उताऱ्यात बाल्कनी हा शब्द होता. मुलानं खणखणीत वाचलं, बॅल्-को-नी, आणि 'को'वर मास्तरांनी शिकवला तसा ठोका दिला.

साहेब हसले आणि म्हणाले, "बॅल्कनी." ठोका पहिल्या तुकड्यावर.

मुलानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर खुर्चीवरून उठले. हेडमास्तरांनी त्यांच्या कोटाची बाही धरली होती, ती त्यांनी हळूच सोडवून घेतली.

"माफ करा साहेब," ते इंग्रजीत म्हणाले, "मुलानं बरोबर वाचलं आहे."

 मास्तरांनी कपाटातून डिक्शनरी आणली, साहेबांपुढं टेबलावर उघडली आणि त्या शब्दाखाली बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा पुसला, लावला, आणि पाहिलं. तिरकी रेघ 'को'पाशीच होती. मग त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पुढची फाटलेली पानं पाहिली, अक्षरांची वळणं बोटानं चाचपली. पाच मिनिटं तरी गेली असतील. हेडमास्तर भिंतीला टेकून उभे होते.

शेवटी साहेबांनी पुस्तक मिटलं आणि फार आदरानं म्हणाले, "मास्तर, हे पुस्तक माझ्या आजोबांच्याही आधीचं आहे. त्या काळी लोक असंच म्हणत. लहानपणी आमच्याकडं एक म्हातारी बाई होती, ती बॅल्कोनी म्हणायची. आता कुणी म्हणत नाही. ठोका सरकला."

"सरकला?" मास्तरांनी विचारलं.

"हो. काही शब्दांचा सरकतो. का ते मला सांगता येणार नाही."

साहेबांचा शेरा चांगला आला. इतके स्वच्छ उच्चार आपण दुसऱ्या कोणत्याही शाळेत ऐकले नाहीत, असं त्यांनी लिहिलं. शाळेला खोल्या मिळाल्या. हेडमास्तरांनी पेढे वाटले. मास्तरांनी पेढा खाल्ला नाही. त्या दिवशी घरी जाताना ते साध्या माणसासारखे चालले, आणि काठी त्यांनी काखेत धरली होती.

पुढं दोन महिन्यांनी साहेबांनी टपालानं एक नवी कोरी डिक्शनरी पाठवली. मास्तरांनी ती ओसरीवर ठेवली, शेजारी जुनी ठेवली आणि मला हाक मारली. "तुम्ही जुनी वाचा. मी नवी बघतो. ए पासून."

महिनाभर आमचं हेच चाललं होतं. मी शब्द वाचायचो आणि ठोका सांगायचो, ते नव्या पुस्तकात बोट फिरवायचे. "जुळतं," म्हणायचे. "जुळतं. जुळतं." मग एकदम गप्प व्हायचे, आणि मला कळायचं की एक सरकलेला सापडला. कन्फिस्केट सरकला होता. डिमॉन्स्ट्रेट सरकला होता. पहिल्यानं तो आपलाच अपराध आहे असा त्यांचा चेहरा व्हायचा, मग ते वहीत लिहून घ्यायचे. झेडपर्यंत पोचलो तेव्हा वहीत सदतीस शब्द झाले होते.

"तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षांत माझ्या हाताखालून जितके गेले, ते सगळे हे सदतीस शब्द चुकीचे घेऊन गेले."

"मास्तर, तेव्हा ते बरोबर होते," मी म्हणालो.

"तेव्हाही नव्हते. साहेबांच्या आजोबांच्या वेळी होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेची जुनी हजेरीपुस्तकं काढली आणि नावांची यादी करायला घेतली. कोण कुठं आहे ते गावात विचारून विचारून लिहून काढलं. जे लांब गेले होते त्यांना पत्रं. माझं अक्षर बरं म्हणून पत्रं मी लिहिली. मजकूर एकच असे. मी तुम्हांस पुढील शब्दांचा ठोका चुकीचा शिकविला, दोष सर्वस्वी माझा आहे, कृपा करून दुरुस्ती करून घ्यावी, आणि तुम्ही कोणास शिकविला असल्यास त्यासही कळवावे. खाली सदतीस शब्द, तुकडे पाडून.

हेडमास्तरांच्या कानावर हे गेलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावलं, मलाही बसवून घेतलं.

"मास्तर, साहेबांचा शेरा इतका सुंदर आलाय," ते म्हणाले. "आणि आता आपणच गावोगाव पत्रं पाठवून सांगायचं, की आमच्या शाळेत चुकीचं शिकवलं? राजवाड्यापर्यंत गेलं तर मी काय उत्तर देऊ?"

"खरं ते द्या."

"अहो, पण कुणाला कळणार आहे? जव्हारात कोण बाल्कनी म्हणतंय?"

"मला कळलंय," मास्तर म्हणाले.

हेडमास्तरांनी दौतीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुम्ही पत्रं पाठवलीत, तर वरचे वर्ग मला दुसऱ्याकडं द्यावे लागतील. माझा नाइलाज आहे."

"द्या," मास्तर म्हणाले, आणि उठले. दाराशी जाऊन परत वळले. "फक्त ज्याला द्याल त्याला नवी डिक्शनरी वापरायला सांगा. मी ती शाळेला देतो."

त्याच आठवड्यात पत्रं गेली आणि पुढच्या सोमवारपासून मास्तर पहिलीला एबीसीडी शिकवू लागले. नोकरी संपेपर्यंत, म्हणजे आणखी सहा वर्षं, ते तिथंच राहिले. मास्तरीणबाई मला म्हणाल्या, "ए, बी, सी यांना ठोका नसतो म्हणतात. तेवढीच त्यांना विश्रांती." पण त्यांचे डोळे भरले होते. पत्रांना उत्तरं फारशी आली नाहीत. नाशिकहून एकानं लिहिलं, की आपण रेल्वेत आहोत, इथं यांतला एकही शब्द लागत नाही, पण मास्तरांची आठवण येते. ते पत्र मास्तरांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि 'लागत नाही' याखाली रेघ मारून ठेवली.

जवळपासच्यांना मात्र पत्र पाठवायचं नाही, जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर निघालो. जव्हारातले चार-पाच जण झाले, जामसरचा एक झाला, मग आम्ही मोखाड्याला गेलो. मोखाड्याच्या कचेरीत त्यांचा एक विद्यार्थी कारकून होता. जंगलातून लाकूड तोडून नेताना पकडलेल्यांचे कागद त्याच्याकडं असत, त्यामुळं कन्फिस्केट हा शब्द त्याच्या तोंडी रोज दहा वेळा यायचा. मास्तरांनी कचेरीच्या ओट्यावर, पाच-सहा लोकांदेखत, त्याला तो बदलून सांगितला.

कारकुनानं मान खाली घातली. हळूच म्हणाला, "मास्तर, इथं सगळे माझं ऐकूनच म्हणायला शिकले. मी एकदम बदललं तर मलाच हसतील."

"हसू देत," मास्तर म्हणाले. "फार तर आठवडाभर. मला तीस वर्षांनी हसले."

कारकुनानं त्यांच्या पाया पडून शब्द दोनदा म्हणून दाखवला. मग आम्हाला चहा पाजला, आणि बाहेरच्या शिपायाकडूनही तो शब्द म्हणवून घेतला.

यादीत शेवटचं नाव पोशेऱ्याचं होतं. जान्या. मास्तरांच्या वर्गात डोंगरातून आलेला तो एकटाच. मी यायच्या आधी तीन वर्षं त्यानं शाळा सोडली होती. पण त्याच्याबद्दल मी खूप ऐकलं होतं. घरी एक बोली, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी, असं तिहेरी ओझं घेऊनसुद्धा ठोका ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मास्तर म्हणत, त्याला दाणे लागतच नसत, तो डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा. शाळेच्या पडवीत झोपायचा आणि मास्तरांकडं जेवायचा. जेवायचा तो ओसरीवर, घरात नव्हे, कारण तेव्हा तशी रीत होती. मास्तरीणबाईंना ती रीत नंतर फार डाचली. आम्ही निघताना त्यांनी पोहे बांधून दिले आणि म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आता आलास तर आत बसून जेव."

पोशेऱ्याला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. उतारावर नाचणी कापणीला आली होती. एका झोपडीपुढं एक म्हातारा सुपात काहीतरी पाखडत बसला होता. मास्तरांनी जान्याचं घर विचारलं.

"हेंच," म्हातारा म्हणाला. "मी त्याचा बाप. तू कोण?" त्यांच्या बोलीत लहान-मोठं सगळ्यांना तू म्हणतात.

"मी त्याचा मास्तर. जव्हारचा."

म्हाताऱ्यानं सूप बाजूला ठेवलं. आत हाक मारून पाणी मागवलं. पाणी आम्हाला दिलं. मग म्हणाला, "जान्या नाय आता. दोन पावसाळं झालं. ताप आला, चार दिसांत गेला."

मास्तरांच्या हातात लोटा तसाच राहिला.  झोपडीच्या कुडाला टेकून एक बाई उभी होती, ती आत गेली.

थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं विचारलं, "इतला चढ चढून आलास मास्तर, काय काम होतं त्याच्याकडं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "एक शब्द सांगायचा होता. मी त्याला चुकीचा शिकवला होता."

म्हाताऱ्यानं सूप आणखी दूर सारलं. "त्याचं काय राहिलं असल," तो म्हणाला, "तर मला सांग."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, ते आता उठतील. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हाताऱ्यापुढं जमिनीवर सरकून बसले. सदतीसमधला एकच शब्द निवडला. जान्याला फार आवडायचा, असं नंतर मला म्हणाले.

"कॉन्टेम्प्लेट," ते म्हणाले. "मी त्याला 'टेम्'वर जोर द्यायला शिकवलं. तो आहे 'कॉन्'वर."

"त्याचा मतलब काय?"

"एका जागी बसून, शांतपणानं, एखाद्या गोष्टीकडं मन लावून बघत राहायचं. पुष्कळ वेळ."

"माळ्यावर बसून मी नाचणी राखतो, तसं."

"तसंच," मास्तर म्हणाले.

म्हातारा सरळ बसला. शेताच्या पलीकडं बघत त्यानं शब्द म्हटला. पहिल्यांदा तुकडे एकमेकांत अडकले. मास्तरांनी पुन्हा सांगितला, त्यानं पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदा म्हटला तो पाखरं हाकलताना घालतात तशी साद घालून, पहिला तुकडा लांब आणि जोरात, पुढचे दोन त्याच्यामागं हलके. आतली बाई परत दारात येऊन उभी राहिली होती.

आम्ही पोह्यांची पुरचुंडी तिच्या हातात दिली आणि निघालो. उतार संपेपर्यंत मास्तर पुढं चालत होते. ओढ्यापाशी थांबून त्यांनी तोंडावर पाणी मारलं, उपरण्यानं पुसलं.

"बरोबर म्हणाला ना तो?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

"तिसऱ्या खेपेला," मास्तर म्हणाले. "जान्याला पाच लागल्या होत्या."

आणि ओढा ओलांडायला त्यांनी माझा हात धरला.